विंडोज संगणकावर सर्व्हर बसवायचाय? आधी संगणक तपासून घ्या

सर्व्हर सॉफ्टवेअरच्या (म्हणजे इतर संगणकांच्या किंवा सॉफ्टवेअरच्या मागण्या ऐकून उत्तरं देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) माहितीत ‘किमान मेमरी ५१२ एमबी’ असं वाचलं आणि आपल्या संगणकात ८ जीबी आहे हे आठवलं, की नवखा माणूस थेट डाउनलोडकडे वळतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो नेमका कशाचा आहे हे समजून घ्यायला हवं. ‘किमान’ म्हणजे एवढं असेल तर सॉफ्टवेअर बसेल आणि सुरू होईल. विंडोज स्वतः किती मेमरी घेतं, अँटिव्हायरस किती घेतो, ब्राउझर किती घेतो, आणि वर्षभरानं डेटा वाढला की काय होईल, यातलं काहीही त्या आकड्यात धरलेलं नसतं. म्हणून संगणकात एकूण किती आहे यापेक्षा शिल्लक किती आहे ते बघायचं. पुढच्या बहुतेक पायऱ्या या शिल्लकीच्याच हिशेबाच्या आहेत.

घरच्या किंवा छोट्या कार्यालयातल्या विंडोज संगणकावर पहिल्यांदाच एखादा सर्व्हर बसवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तो झॅम्पसारखा वेबसाइट तपासण्याचा संच असेल, एखादा डेटाबेस (माहितीचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल, जावातली वेब सॉफ्टवेअर चालवणारा टॉमकॅट असेल किंवा व्हिडिओ घरभर दाखवणारा मीडिया सर्व्हर. तपासणी सगळ्यांची जवळपास सारखीच.

पायरी १ : नेमकं काय बसवायचंय ते लिहून काढा

सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहा. त्याखाली ते कशाच्या आधारावर चालतं ते लिहा. सर्व्हर सहसा एकटा येत नाही. हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर आतून एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस मागतं, टॉमकॅट जावा मागतो, झॅम्पच्या पोटात अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी ही वेबसाइटची भाषा असते. या प्रत्येकाच्या गरजा वेगळ्या असतात आणि त्यांची बेरीज तुमच्या संगणकाला पेलावी लागते. शिवाय हा सर्व्हर किती जण एकाच वेळी वापरणार आणि तो फक्त तुमच्यापुरता आहे की इतर संगणकांवरूनही लागणार, हेही टिपून ठेवा. फक्त स्वतः शिकण्यासाठी बसवत असाल तर खालच्या निम्म्या काळज्या तुम्हाला लागू होत नाहीत, हे मोकळेपणानं सांगतो.

पायरी २ : संगणकाची ओळख

सेटिंग्ज उघडा, सिस्टीममध्ये जा आणि सगळ्यात खालचं अबाउट उघडा. प्रोसेसर, बसवलेली रॅम, सिस्टीम टाइप आणि विंडोजची आवृत्ती या गोष्टी एकाच पडद्यावर दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे मदत मागायची वेळ आली तर कामाला येतो.

सिस्टीम टाइपच्या ओळीकडे नीट बघा. तिथे ‘६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ आधारित प्रोसेसर’ असं असेल तर पुढे चला. ३२-बिट असेल तर इथेच थांबलेलं बरं, कारण आजची बहुतेक सर्व्हर सॉफ्टवेअर फक्त ६४-बिटची निघतात आणि ३२-बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरूच शकत नाही. प्रोसेसर ६४-बिटचा आणि विंडोज मात्र ३२-बिटचं, असं जुन्या संगणकांत हमखास सापडतं. तेव्हा नवा संगणक घ्यावा लागत नाही, पण विंडोज मुळापासून पुन्हा बसवावं लागतं. त्या ओळीत ‘आर्म’ असा उल्लेख दिसला तर वेगळी सावधगिरी हवी. विंडोज ११ आर्म संगणकांवर एक्स६४ची बरीच सॉफ्टवेअर अनुकरण करून चालवतं, पण डेटाबेससारख्या खोलवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे चालतंच असं नाही. एसक्यूएल सर्व्हर २०२२ विंडोजवर एक्स६४ प्रोसेसरच मागतो.

आवृत्तीच्या नावात ‘एस मोड’ असेल तर विंडोज फक्त स्टोअरमधली ॲप्स बसवू देतं. त्यातून बाहेर पडता येतं, मात्र परत एस मोडमध्ये जाता येत नाही. होम आणि प्रो यांतला फरकही आत्ताच पाहून घ्या. होममध्ये हायपर-व्ही (संगणकातच दुसरे आभासी संगणक चालवण्याची सोय) नाही, आणि दुसऱ्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपनं या संगणकात शिरताही येत नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या, पडदा नसलेल्या संगणकाचा सर्व्हर करायचा असेल तर ही अडचण रोज जाणवेल.

विंडोज १० असेल तर एक तारीख लक्षात असू द्या. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सॉफ्टवेअर त्यावर बसेलही, पण सुरक्षेची दुरुस्ती थांबलेला संगणक दुसऱ्यांसाठी खुला करणं मला अजिबात योग्य वाटत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत गिगाहर्ट्‌झच्या आकड्यात फार अडकू नका. एसक्यूएल सर्व्हर १.४ गिगाहर्ट्‌झ मागतो, तेवढा वेग कुठल्याही चालू संगणकात असतो. अडतं ते प्रोसेसरला ठरावीक सूचना समजतात का, तिथे. मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० आवृत्तीपासून एव्हीएक्स या सूचना लागतात. २०११ नंतरच्या इंटेल कोअर प्रोसेसरांत त्या आहेत, पण त्यानंतर कितीतरी वर्षं विकल्या गेलेल्या सेलेरॉन आणि पेंटियममध्ये त्या नव्हत्या. अशा संगणकावर इन्स्टॉल सुरळीत होतं आणि सेवा (म्हणजे पडद्यामागे चालणारा सर्व्हर) सुरू व्हायच्या क्षणी बंद पडते. प्रोसेसरचं पूर्ण नाव त्याच्या उत्पादकाच्या माहितीपानावर शोधलं की दोन मिनिटांत खुलासा होतो.

पायरी ३ : मेमरीचा हिशेब

ही पायरी घाईनं करू नका. संगणक रीस्टार्ट करा, रोज उघडता ते सगळं उघडा आणि पंधरा मिनिटं नेहमीसारखं काम करा. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या मेमरीवर क्लिक करा. तिथे ‘इन यूज’ आणि ‘अव्हेलेबल’ हे दोन आकडे दिसतील. हिशेब ‘अव्हेलेबल’चाच धरायचा. ८ जीबीच्या संगणकात विंडोज, अँटिव्हायरस आणि चार-पाच टॅब उघडलेला ब्राउझर एवढ्यानंच तो आकडा ३ जीबीच्या आसपास येऊन ठेपलेला दिसला तर आश्चर्य वाटू नये.

शेजारी ‘कमिटेड’ नावाची जोडी असते, उदाहरणार्थ ६.१ / ९.५ जीबी. पहिला आकडा म्हणजे सॉफ्टवेअरनी मिळून राखून ठेवलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) मिळून असलेली मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ पोचत असेल, तर नवा सर्व्हर बसवल्यावर एखादं सॉफ्टवेअर मधेच ‘मेमरी नाही’ म्हणून मान टाकेल. बंद पडणारं सॉफ्टवेअर सर्व्हरच असेल असंही नाही, त्यामुळे दोष कुणाचा हे शोधताना माणूस हैराण होतो.

आता मागणीची बाजू. एसक्यूएल सर्व्हर २०२२च्या एक्स्प्रेस आवृत्तीची किमान गरज ५१२ एमबी आणि शिफारस १ जीबी आहे. इतर आवृत्त्यांची किमान १ जीबी, शिफारस किमान ४ जीबी आणि डेटा वाढेल तशी जास्त. पण डेटाबेसचा स्वभाव असा, की वाचलेला डेटा तो मेमरीत धरून ठेवतो, म्हणजे पुन्हा डिस्ककडे जावं लागत नाही. एक्स्प्रेस आवृत्तीत या साठ्याला १४१० एमबीची मर्यादा आहे. डेव्हलपर आवृत्तीला अशी मर्यादा नाही. तिच्या सेटिंगमध्ये कमाल मेमरीच्या जागी मुळात २१४७४८३६४७ एमबी हा आकडा असतो, म्हणजे व्यवहारात काहीच मर्यादा नाही. ती हळूहळू रॅम व्यापत जाते, विंडोजनं मागितली की थोडी सोडते, आणि तोवर बाकी सगळं रेंगाळतं. म्हणून डेव्हलपर आवृत्ती बसवत असाल तर इन्स्टॉल करतानाच कमाल मेमरीचा आकडा घालून द्या. ८ जीबीच्या संगणकात शिकण्यासाठी २ जीबी पुरेशी आहे.

झॅम्प यापेक्षा पुष्कळ हलका, ८ जीबीत तो आरामात चालतो. मीडिया सर्व्हरला मेमरी कमी लागते, पण व्हिडिओचा प्रकार बदलून पाठवायची वेळ आली की तो प्रोसेसरला घाम फोडतो. सर्व्हरही चालवायचा आणि त्याच संगणकावर रोजचं कामही करायचं असेल तर माझ्या मते १६ जीबीच्या खाली जाऊ नये.

पायरी ४ : डिस्क

जागेचा आकडाही ‘किमान’च असतो. एसक्यूएल सर्व्हर २०२२ किमान ६ जीबी मोकळी जागा मागतो, ती फक्त सॉफ्टवेअरची. तुमचा डेटा, त्याच्या नोंदीची लॉग फाइल आणि बॅकअप यांची जागा निराळी. डेटाबेस ५ जीबीचा होईल असं वाटत असेल तर त्याचा एक बॅकअप आणि तो उघडून तपासायला आणखी तेवढीच जागा धरा. म्हणजे १५ जीबी झाले. त्यावर विंडोज अपडेटसाठी २०-२५ जीबी मोकळे राहू द्या. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की अपडेट अडकतात, पेजफाइल वाढू शकत नाही आणि डेटाबेस नव्या नोंदी घेणं थांबवतो.

डिस्क एसएसडी आहे की फिरणारी, हे टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं. डेटाबेस डिस्कवर कुठेतरी इथे, कुठेतरी तिथे असं सतत वाचत-लिहीत असतो. फिरणाऱ्या डिस्कला अशा उड्या सेकंदाला शंभरच्या आसपासच जमतात, साध्या एसएसडीला हजारो. रॅम वाढवावी की एसएसडी घालावी असा प्रश्न असेल आणि डिस्क फिरणारी असेल, तर आधी एसएसडी.

डिस्कवर फाइली मांडण्याची रचना (फाइल सिस्टीम) एनटीएफएस हवी. एफएटी३२ रचनेत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे वाढता डेटाबेस एक दिवस अडतोच. जागा वाचवायला ड्राइव्ह कॉम्प्रेस केलेली असेल तर एसक्यूएल सर्व्हर तिथे बसायला सरळ नकार देतो. आणि डेटाचं फोल्डर वनड्राइव्हसारख्या आपोआप वर चढवणाऱ्या जागेत कधीही ठेवू नका. सर्व्हर ती फाइल सतत उघडी ठेवतो, वनड्राइव्ह ती उचलू पाहतो, आणि या ओढाताणीत डेटा बिघडू शकतो. नव्या संगणकांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर पुष्कळदा आधीच वनड्राइव्हला जोडलेली असतात, तेव्हा ‘मी तर डॉक्युमेंट्समध्ये ठेवलंय’ असं म्हणून निर्धास्त राहू नका.

फोल्डरच्या नावांबद्दल आपण मराठी वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. विंडोजमध्ये खातं उघडताना नाव देवनागरीत टाकलं असेल, तर यूजर्समधलं तुमचं फोल्डरही देवनागरी नावाचं असू शकतं. विंडोजला त्याचं काही वाटत नाही, पण काही जुन्या धाटणीची सर्व्हर सॉफ्टवेअर रोमन लिपीबाहेरची अक्षरं असलेला पत्ता वाचू शकत नाहीत आणि भलतीच चूक दाखवतात. नावातली मोकळी जागाही कधीकधी त्रास देते. उपाय सोपा आहे. सी ड्राइव्हच्या मुळाशीच रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता छोटंसं नाव दिलेलं फोल्डर करा आणि तिथे बसवा. झॅम्प तर स्वतःच सी ड्राइव्हच्या मुळाशी बसतो. प्रोग्राम फाइल्समध्ये त्याला नेऊ नका, तिथे लिहिण्याची परवानगी विंडोज सहजी देत नाही.

एक गोष्ट गरजांच्या यादीत नवख्यांच्या नजरेला पडत नाही आणि नवे लॅपटॉपवाले तिथेच अडतात. काही नव्या एनव्हीएमई डिस्क (एसएसडीचाच वेगवान प्रकार) विंडोज ११ला आपला सेक्टर (डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सगळ्यात छोटा तुकडा) ४ केबीपेक्षा मोठा असल्याचं सांगतात. एसक्यूएल सर्व्हर ५१२ बाइट आणि ४ केबी एवढेच सेक्टर मानतो. मग इन्स्टॉल जवळजवळ शेवटपर्यंत जातं आणि ‘डेटाबेस इंजिन सुरू झालं नाही’ एवढंच सांगून थांबतं. माणूस पासवर्ड, फायरवॉल, अँटिव्हायरस सगळं उलटंपालटं करून पाहतो, चारदा काढून पुन्हा बसवतो. त्याऐवजी आधीच कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफएसयूटिल ही आज्ञा एफएसइन्फो, सेक्टरइन्फो आणि ड्राइव्हचं अक्षर या क्रमानं द्या (fsutil fsinfo sectorinfo C:). उत्तरात ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर’ अशी सुरुवात असलेल्या ओळी दिसतील. तिथे ५१२ किंवा ४०९६ असेल तर काळजी नाही. त्याहून मोठा आकडा असेल तर डेटासाठी ४ केबी सेक्टरची दुसरी डिस्क वापरा, किंवा मायक्रोसॉफ्टनं या अडचणीसाठी दिलेली रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारातली) नोंद करून संगणक रीस्टार्ट करा आणि मगच इन्स्टॉलला हात घाला.

पायरी ५ : जोडीला लागणारी सॉफ्टवेअर

‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडली नाही’ असा संदेश आला (डीएलएल म्हणजे सॉफ्टवेअरना लागणारी सामायिक फाइल) तर सर्व्हरमध्ये दोष नाही. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हा संच संगणकात नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून घ्या. हरवलेल्या डीएलएल फुकट देणाऱ्या अनोळखी साइटवरून एकेक फाइल आणून टाकणं धोक्याचं आहे.

जावाच्या बाबतीत आवृत्ती जुळणं महत्त्वाचं. टॉमकॅट ९ला जावा ८ किंवा पुढची, टॉमकॅट १०.१ला ११ किंवा पुढची, टॉमकॅट ११ला १७ किंवा पुढची लागते. संगणकात जावा आधीपासून असेल तर कुठली आहे ते पाहा, आणि जावा-होम हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (जावा कुठे आहे ते सांगणारी विंडोजमधली नोंद) तिच्याच फोल्डरकडे बोट दाखवतोय ना, तेही.

विंडोज अपडेट होऊन रीस्टार्ट बाकी असेल तर काही इन्स्टॉलर पुढे जायला तयार होत नाहीत. म्हणून सुरुवातीआधी अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा.

पायरी ६ : पोर्ट रिकामे आहेत का

पोर्ट म्हणजे संगणकाच्या पत्त्यावरचं क्रमांक दिलेलं दार, तिथे सर्व्हर विनंतीची वाट पाहत ऐकत असतो. संगणकावर एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टवर दोन सर्व्हर एकाच वेळी ऐकू शकत नाहीत. वेबसाठी ८० आणि ४४३, मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३, टॉमकॅटसाठी ८०८० हे नेहमीचे क्रमांक. तुम्हाला लागणारा क्रमांक मोकळा आहे का ते पाहायला रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबवर जा आणि ‘लिसनिंग पोर्ट्स’ची यादी उघडा. पोर्टच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी क्रमानं लागते.

समजा, झॅम्पमध्ये अपाचे सुरू होत नाही आणि या यादीत ८० क्रमांकासमोर ‘सिस्टीम’ आणि पीआयडी (चालू सॉफ्टवेअरचा ओळखक्रमांक) ४ असं दिसलं. नवखा माणूस इथे घाबरतो, कारण सिस्टीम बंद कशी करणार? विंडोजमध्ये वेब विनंत्या घेणारा एक भाग थेट गाभ्यात बसलेला असतो आणि त्याच्यामार्फत कुणीही पोर्ट घेतलं तरी नाव सिस्टीमचंच दिसतं. खरा धनी बहुतेकदा आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर असतो. सर्व्हिसेसच्या यादीत ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ चालू आहे का पाहा. तुम्ही आयआयएस वापरत नसाल तर ती थांबवून तिचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करा. वापरत असाल तर तिला राहू द्या आणि अपाचेलाच ८०८० सारखा दुसरा पोर्ट द्या.

फायरवॉलची परवानगी मागणारी चौकट पहिल्यांदा येते तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबू नका. तसं केलं की विंडोज त्या सॉफ्टवेअरविरुद्ध अडवणुकीचा नियम लिहून ठेवतं आणि चौकट पुन्हा येत नाही. सर्व्हर स्वतःच्या संगणकावर छान दिसतो, शेजारच्या संगणकावरून मात्र दिसत नाही. असं झालं असेल तर फायरवॉलच्या इनबाउंड (बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांच्या) नियमांत त्या सॉफ्टवेअरच्या नावाचा नियम शोधून काढून टाका. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे ना, तेही पाहा. ‘पब्लिक’ असताना विंडोज जास्त दारं बंद ठेवतं.

पायरी ७ : संगणक जागा राहील का

सेटिंग्जच्या पॉवर विभागात, चार्जिंग चालू असताना झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं, ते कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वेगळं ठरवावं लागतं. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ लावा. ही मुदत जास्तीत जास्त १८ तासांची, त्यामुळे दिवसातले निदान ६ तास विंडोजच्या हातात उरतातच. तेव्हा सर्व्हर असा बसवा, की मध्येच रीस्टार्ट झाला तरी तो आपण होऊन उठेल. त्यासाठी इन्स्टॉल करताना ‘सर्व्हिस म्हणून चालवा’ हा पर्याय निवडा. झॅम्पच्या नियंत्रण पटलात हा पर्याय अपाचे आणि मायएसक्यूएलच्या (मारियाडीबी तिथे याच नावानं दिसतो) डावीकडच्या चौकोनांत आहे, मात्र पटल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं.

इतर संगणकांवरून वापरायचं असेल तर या संगणकाचा पत्ता बदलता राहून चालत नाही. राउटरमध्ये तो राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरा.

विंडोज सर्व्हरच हवं का?

शिकायला, चार-सहा जणांच्या कार्यालयाला विंडोज ११ प्रो पुरतं. पण त्याच्या परवान्यात फाइल, प्रिंट आणि आयआयएस या सेवांसाठी २० उपकरणांची मर्यादा आहे. एसक्यूएल सर्व्हरची एंटरप्राइझ आवृत्ती साध्या विंडोजवर बसतच नाही. एक्स्प्रेस, डेव्हलपर आणि स्टँडर्ड बसतात. मात्र डेव्हलपर आवृत्ती फक्त घडवण्या-तपासण्यासाठी आहे, रोजच्या खऱ्या कामासाठी परवाना तिची मुभा देत नाही. एक्स्प्रेस रोजच्या कामाला चालते, पण २०२२च्या आवृत्तीत एक डेटाबेस १० जीबीच्या पुढे वाढत नाही. वापरणारे वाढणार हे आधीच दिसत असेल तर विंडोज सर्व्हरचा किंवा लिनक्सचा विचार आत्ताच करा. डेटा भरल्यावर घर बदलणं फार जड जातं.

बसवल्यावरची तपासणी

सगळं जुळलं की रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची खूण) करून, सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत पानावरून घेऊन बसवा. मग आधी त्याच संगणकावरून ते उघडतं का पाहा, आणि नंतर त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या संगणकावरून. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस किंवा डेव्हलपर असेल आणि दुसरीकडून जोडणी होत नसेल, तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडणीची पद्धत) चालू करा, मुळात ते बंद असतं. एक्स्प्रेस सहसा १४३३ऐवजी बदलता पोर्ट घेते, तो तिथेच ठरावीक करून फायरवॉलमध्ये उघडा.

यानंतर संगणक रीस्टार्ट करा आणि लॉगिन न करता तसाच सोडा. पाच मिनिटांनी दुसऱ्या संगणकावरून सर्व्हर उघडून पाहा. उघडला तर टास्क मॅनेजरमधला मेमरीचा ‘अव्हेलेबल’ आकडा आणि सी ड्राइव्हची मोकळी जागा तारखेसह लिहून ठेवा. महिन्याभरानं तेच दोन आकडे पुन्हा बघा. मोकळी जागा झपाट्यानं घटलेली दिसली तर आधी लॉग फाइल आणि जुने बॅकअप तपासा.